सालाचा ड्रायव्हर

सोयाबीन निघायला लागलं की सगळ्यांत आधी माझ्या नाकाला कळतं. बोरगाव मेघेत आता शेतं कुठली, जिकडेतिकडे प्लॉट पडलेत. पण दुपारी वारा सुटला की कुठून तरी मळणीयंत्रातून उडालेल्या कुटाराची धूळ येतेच. पडद्यांवर बसते, वाळत घातलेल्या चादरींत शिरते, आणि मी शिंकायला लागते. सकाळी थोडं धुकं, दुपारी डोकं फिरवणारं ऊन, संध्याकाळी डास. वर्षातला हा महिना मला कधीच आवडला नाही. सीताफळं येतात तेवढंच काय ते बरं, आणि त्यातही अर्ध्या बियाच.

यंदा शिंकांबरोबर फोनवर निरोपही आला. आमच्या शर्यतीच्या ग्रुपमध्ये कोणी नवीन माणूस आला होता आणि ढगे सरांनी त्याच्यासाठी ठरलेला मजकूर टाकला होता. ‘आपल्या परिवारात मनःपूर्वक स्वागत. घाबरू नका. इथे तुम्हाला कोणीही फसवणार नाही.’ खाली जोडलेल्या हातांची चित्रं. जो ग्रुप स्वतःला परिवार म्हणवतो त्यातून उठून जावं, असं मला नेहमी वाटतं. परिवारात काय काय चालतं हे ज्याला माहीत आहे, तो हा शब्द नवख्या माणसाच्या अंगावर टाकणार नाही.

हा मजकूर ज्या हंगामात लिहिला गेला, तो अख्खा हंगाम माझ्या पुढच्या खोलीत गेला. खिडकीपाशी पलंग, पलंगावर माझा मोठा भाऊ, आणि त्याच्या छातीवर ठेवलेला मोबाइल.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांना सांगते. मोबाइलवर मोटारींची शर्यत म्हटलं की लोकांना वाटतं, अंगठ्याने गाडी पळवायची. यात गाडी आपण चालवतच नाही. आपण संघाचे मालक. ड्रायव्हर ठेवायचा, मिस्त्री ठेवायचा, टायर कोणते घालायचे, इंधन किती भरायचं, मध्येच गाडी थांबवून टायर कधी बदलायचे, हे आधी ठरवून द्यायचं. मग संध्याकाळी आठला शर्यत आपोआप सुरू होते. पडद्यावर नकाशा, नकाशावर रंगीत ठिपके गोल फिरतात, आणि आपण नुसतं बघत बसायचं. पाऊस आला, इंजिन गेलं, ड्रायव्हर चुकला, काही म्हणजे काही करता येत नाही. माणसं ठेवा, सामान आणा, आणि मग आभाळाकडे बघा. शेतकऱ्याला हा खेळ समजावून सांगावा लागत नाही.

मी कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे. आमच्या स्टाफरूममधल्या काही जणांनी आपला एक खाजगी गट काढला होता, त्याचे प्रमुख गणिताचे ढगे सर. घरी नवरा बातम्यांतली भांडणं ऐकत बसतो, त्यापेक्षा ही भांडणं बरी म्हणून मी शिरले. मी वाईट खेळते असं कोणी म्हणणार नाही. मी वाईट आहे असं मात्र बरेच जण म्हणतात.

गटात एक रीत होती. नवीन माणूस आला की आम्ही त्याचं बारसं करायचो. पहिला आठवडा सगळे त्याला गोड गोड सल्ले देणार. मग कोणी तरी आपला उतरणीला लागलेला ड्रायव्हर ‘अनुभवी आहे, घेऊन टाका’ म्हणून त्याच्या गळ्यात मारणार. तो पहिल्या शर्यतीत शेवटून पहिला आला की ग्रुपवर त्याचं नाव ठेवायचं. एकाचं पंक्चर, एकाचं घसरगुंडी. ढगे सरांचं नाव नफेखोर. माझं नाव कात्री, कारण ज्याला मी एकदा हात लावला त्याच्या संघात काही शिल्लक राहत नसे. नाव मिळालं की माणूस आमचा. त्यानंतर त्याने आम्हाला हवं तितकं लुटावं.

कोणाला हे क्रूर वाटेल. होतंच. पण फसवायचं तर समोरच्याला हिशेबात धरावं लागतं. त्याच्याकडे काय आहे, तो काय करील, आपल्याला कुठे आडवा येईल, याचा विचार करावा लागतो. ज्याला कोणी हिशेबातच धरत नाही, त्याच्याशी लोक फार छान वागतात. हे मला माझ्या भावाच्या पलंगाशी बसून कळलं.

दादा रोहण्याचा. वांगी, मेथी, कोबी, सांभार म्हणजे कोथिंबीर, जे मोसमात येईल ते आर्वी-पुलगावच्या बाजारात नेणारा माणूस. सगळं रान त्याच्या तोंडावर चालायचं. चार वावरं पलीकडून ओरडला तरी बाया वाफ्यातून मान वर काढत. पोळ्यानंतर एकदा ट्रॉलीवरून कोबीची पोती उतरवताना तो खाली आला, पाठीवर. ऑपरेशन झालं. दवाखाना माझ्या घरापासून जवळ, म्हणून तो माझ्याकडे राहिला. कमरेच्या खाली पाय होते, पण त्याचं ऐकत नव्हते. डॉक्टर दर वेळी म्हणायचे, ‘छान प्रगती आहे.’

त्या महिन्यात माझ्या घरात एक आवाज तयार झाला. जो येईल तो उंबरठ्यात चप्पल काढून तोच आवाज तोंडात घालायचा. हळू, ओला, प्रत्येक वाक्याच्या शेवटी जरा वर जाणारा. ‘कसे आहात दादा? आता बरं वाटते ना?’ माझा नवरा, ज्याने पंचवीस-तीस वर्षं मेहुण्याशी राजकारणावरून कडाकडा भांडून काढली, तोसुद्धा मान डोलवायला लागला. दादाने मुद्दाम काही तरी उलटसुलट बोलून बघितलं. नवरा म्हणाला, ‘बरोबर आहे तुमचं.’ दादाने तोंड भिंतीकडे केलं.

रोज सकाळी तो फोनवर मुलाला विचारायचा, ‘प्रवीण, वांग्याले पानी देल्लं का? कोबीवर आळी पाह्य, पानं उलटून पाह्य.’ आणि तिकडून ‘हो बाबा. हो बाबा. केलं बाबा.’ शेतीत सगळ्या गोष्टी होऊन जातात असं कधी झालंय का? पंप बिघडत नाही, लाइन जात नाही, मजूर बुडी मारत नाहीत, असं रान कुठलं? दादा फोन ठेवायचा आणि बराच वेळ बाहेरच्या स्कूलव्हॅनकडे बघत राहायचा.

मला तो आवाज जमत नाही. जन्मजात नाही. एका दुपारी मी त्याच्या छातीवर माझा जुना मोबाइल टाकला आणि म्हटलं, ‘पडून पडून भाजी झाली तुझी. हे घे. संघ चालव. आणि माझ्या वाट्याला येऊ नको, मी सोडणार नाही.’

त्याला समजायला एक संध्याकाळ लागली. दुसऱ्या दिवशी ढगे सरांचा फोन आला, मधासारखा. त्यांचा जुना ड्रायव्हर त्यांनी दादाला देऊन टाकला. हेन्रिक नावाचा, खेळाने तयार केलेला, वय झालेला, दर शर्यतीला थोडा थोडा हळू होत जाणारा. करार हंगामाच्या शेवटापर्यंतचा. मी बाजूला बसून सीताफळ खात होते. मी काही बोलले नाही. बारसं ते बारसं.

पहिल्या शर्यतीत दादा शेवटचा आला. दुसऱ्यातही. तेव्हा गटातल्या कोणी तरी, खेळ फारच एकतर्फी होतोय म्हणून असेल, त्याला खरी गोष्ट सांगितली, की एक बटण दाबलं की ड्रायव्हरला काढता येतं, दुसरा घ्या.

‘नाई जमत,’ दादा म्हणाला.

‘का नाही जमत? सगळेच काढतात,’ मी म्हटलं.

‘सालाचा गडी हाय थो. साल पुरं झालं का मंग पाहू.’

शहरात राहणाऱ्यांना कदाचित ठाऊक नसेल. आमच्याकडे सालदार ठेवतात, वर्षभराचा गडी. पाडव्याला बोली होते आणि पुढच्या पाडव्यापर्यंत तो घरचा. मध्ये तो आजारी पडला, त्याचा हात मोडला, त्याने नांगर वाकडा धरला, तरी त्याला काढायचं नसतं. काढलं तर पुढच्या पाडव्याला त्या मालकाच्या दारात कोणी उभा राहत नाही. आता सालदारही फारसे मिळत नाहीत आणि ही रीत पाळणारे मालकही नाहीत. दादा पाळत होता. कुठल्या तरी परदेशातल्या, मुळात नसलेल्या माणसाच्या बाबतीत पाळत होता.

‘हेन्रिक म्हने,’ तो म्हणाला. ‘जीभ वळत नाई. हिरामन म्हनतो मी त्याले.’

मी हे ग्रुपवर टाकलं. एवढे हसले लोक की विचारू नका. दादाचं नाव पडलं, सालदारवाले. आणि एकदा कळलं की हा माणूस ड्रायव्हर काढणार नाही, मग सगळ्यांनी त्याच्याभोवती आपापले डाव बांधले. हिरामणला वळणावर गाठायचं, तो घाबरतो. हिरामणचे टायर लवकर जातात, तोवर थांबायचं. दादा दर शर्यतीला हरायचा आणि दर शर्यतीनंतर ढगे सरांना फोन लावायचा.

‘मास्तर, लाज नाई वाटत? म्हाताऱ्या मानसाले धक्का मारता?’

‘तुमचा म्हातारा रस्त्यात झोपून राह्यला, तर मी काय करू?’ तिकडून ढगे सर.

असं पंधरा मिनिटं चालायचं. फोन ठेवला की दादाचा चेहरा लाल झालेला असायचा, आणि तो दोन पोळ्या जास्त खायचा.

मीही मागे नव्हते. त्याच्याकडे एक मिस्त्री होता, पोरगेलासा, हाताचा फार चांगला. त्याच्या करारात फट होती ती मी शोधली आणि लिलावात मिस्त्री उचलला. दादाला सकाळी उठल्यावर कळलं. मी चहा घेऊन गेले तर त्याने कप ढकलून दिला.

‘सटवे,’ तो म्हणाला, ‘सख्ख्या भावाचा मिस्त्री पयवला तुनं. तुह्या घरचं पानी नाई पेत मी आज.’

दुपारपर्यंत त्याने खरंच पाणी घेतलं नाही. मग मला हाक मारून म्हणाला, ‘कशी केली गं तू थे? सांग मले.’ मी सांगितलं. त्याने तीनदा सांगायला लावलं. त्याच्या डोळ्यांत असा आनंद होता, जसा मी लहानपणी त्याची गोटी जिंकल्यावर असायचा, मारायच्या आधी.

त्या हंगामाचा वास मला अजून येतो. कुटाराची धूळ, मालिशचं तेल, कोपऱ्यात गव्हाच्या कोंड्यात पिकायला ठेवलेली सीताफळं. दसऱ्याला मी आपट्याची पानं त्याच्या हातात दिली तर त्याने ती मोबाइलवर ठेवली, हिरामणसाठी. मी हसले. त्याच सुमारास त्याने आणखी एक गोष्ट सुरू केली. आठ वाजायच्या आधी तो माझ्या नवऱ्याला हाक मारायचा आणि उशांच्या आधाराने उठून बसायचा. पाठीतून कळ यायची, घाम फुटायचा, पण बसायचा. मी म्हटलं, पडूनही दिसतं. तो म्हणाला, ‘मालक झोपून शर्यत पाह्यत नाई.’

डॉक्टरांना मी हे सांगितलं. त्यांनी दादाला ‘वा, छान प्रगती’ म्हटलं आणि मला आतल्या खोलीत बोलावलं. बसेल, ते म्हणाले. खुर्चीत बसवता येईल. पण पायांवर उभा राहणं, चालणं, शेत, हे विसरा. पेशंटला इतक्यात सांगू नका, मन खचतं. बाहेर येऊन मी दादाला बसवलेल्या गाडीचा दरवाजा उघडला. त्याने विचारलं, ‘काय म्हने?’ मी म्हटलं, ‘गोळ्या बदलल्या.’ गोळ्या खरंच बदलल्या होत्या.

दसरा झाल्यावर प्रवीण आला, सीताफळांची टोपली घेऊन. बापाजवळ बसून ‘हो बाबा, हो बाबा’ झालं. मग स्वयंपाकघरात माझ्या मागे येऊन उभा राहिला. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, समजूतदार पोरगा. मला तो कधी आवडला नाही असं नाही.

‘आत्या,’ तो म्हणाला, ‘वांग्याची वाडी मोडली मी. वावर बटईनं देल्लं, अर्ध्या वाट्यानं. मायच्यानं होत नाई, माह्याच्यानं एकट्यानं होत नाई. अन् पटाची जोडीबी गेली.’

पटाची जोडी म्हणजे दादाचे शंकरपटातले, शर्यतीचे बैल. बंदी उठून बैलांच्या शर्यती पुन्हा सुरू झाल्या तेव्हा दादा पोरासारखा नाचला होता.

‘त्याला सांगितलंस?’

‘कसं सांगू? तू बी नको सांगजो.’

‘मी आपण होऊन सांगणार नाही,’ मी म्हटलं. ‘पण त्याने मला सरळ विचारलं, तर मी खोटं बोलणार नाही. एवढं ध्यानात ठेव.’

प्रवीणने मान हलवली. तो जाताना बापाच्या पाया पडला आणि त्या ओल्या आवाजात म्हणाला, ‘वांगे मस्त लागले बाबा यंदा.’ मी भांडी आपटली. त्याने ऐकलं असेल, नसेल.

इकडे गट मोडायला आला होता. नवीन येणारे टिकत नव्हते. नालवाडीचा एक टायपिस्ट पहिल्याच बारशानंतर न सांगता निघून गेला, त्याच्यामागून आणखी दोघे. या खेळात संघ कमी झाले की गट आपोआप बंद पडतो. म्हणून एका रविवारी सकाळी ढगे सरांच्या गच्चीवर बैठक बसली. विषय, नवख्यांचा अनुभव कसा सुधारावा. मास्तर लोकांना विषय दिला की त्यांच्या अंगात येतं. कोणी म्हणालं स्वागताचा मजकूर हवा, कोणी म्हणालं प्रत्येक नवख्याला एक मार्गदर्शक नेमा. नवख्यांशी देवघेव बंद, नावं ठेवणं बंद, शिव्या बंद. एका मॅडमनी ‘सुरक्षित वातावरण’ असा शब्द तीनदा वापरला. याच मॅडमनी त्या टायपिस्टला पावसाचे टायर कडक उन्हात घालायला लावले होते. सगळ्यांनी पोहे खाल्ले आणि आपण फार चांगली माणसं आहोत असं सगळ्यांना वाटायला लागलं.

मग ढगे सर म्हणाले, ‘अजून एक. नवीन माणसाले पहिल्या हंगामात एक तरी शर्यत जिंकू द्यायची. एकदा जिंकला का जात नाही तो. दादांपासून सुरू करू. बिचारे पडून राहतात, तेवढाच आनंद.’

‘बिचारे’ हा शब्द मी तिथेच धरला. मी म्हटलं, ‘मी सोडणार नाही. आणि तुम्हीही सोडू नका. त्याला तुमची दया पोचवायला मी त्याला आणलेला नाही.’

‘मॅडम, तुम्ही फार कठोर आहात,’ ढगे सर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, खरंच. भावाविषयी मी कशी बोलते, याचं त्यांना वाईट वाटलं होतं. मत घेतलं. माझं एकटीचं विरुद्ध पडलं.

दुसऱ्या दिवसापासून दादाच्या फोनवर मार्गदर्शक म्हणून ढगे सर येऊ लागले. ‘नमस्कार दादासाहेब. कसं वाटून राह्यलं? काही मदत हवी तर निःसंकोच सांगा.’ दादाने फोन कानापासून दूर धरून माझ्याकडे बघितलं.

‘मास्तर बिमार हाय का?’ त्याने मला विचारलं.

शर्यतीच्या दिवशी खेळाने हवामान दिलं होतं, ढगाळ, पावसाची शक्यता कमी. दादा सकाळपासून त्या ढगांच्या चित्राकडे बघत होता. त्याने हिरामणला सुरुवातीपासून पावसाचे टायर घातले. मी म्हटलं, वेडा आहेस. तो म्हणाला, ‘पडन.’ मी मात्र कोरड्यावर गेले. आठ वाजता तो उशांना टेकून बसला. तिसऱ्या फेरीत माझं इंजिन गेलं आणि माझा ठिपका रस्त्याच्या कडेला थांबला. मग पडद्यावर पाऊस सुरू झाला.

आता टायर बदलायला सगळे थांबायला हवे होते. पाऊस लागला की गाडीने आत यायचं, ही सूचना आधी देऊन ठेवतात, पोरंसोरंसुद्धा देतात. एकही गाडी आत आली नाही. सगळे कोरड्या टायरवर घसरत राहिले, आणि मधून हिरामण, म्हातारा, हळू, कोणाला धक्का न लावता, एकेकाला मागे टाकत पुढे निघाला. पहिला आला.

दादा ओरडला नाही. त्याने आधी पलंगाची कड धरली. मग म्हणाला, ‘पाह्यलं? म्या म्हटलं होतं ना, पडन म्हून.’ ग्रुपवर फुलांचा, टाळ्यांचा पूर लोटला. त्याने रोहण्याला फोन लावला, वहिनींना सगळी शर्यत पहिल्यापासून सांगितली, वहिनी तिकडे रडल्या. माझा नवरा जाऊन पेढे घेऊन आला. त्या संध्याकाळी माझ्या पुढच्या खोलीत जेवढा उजेड होता तेवढा दिवाळीतही नसतो. मी एक पेढा खाल्ला.

दोन-तीन दिवस तो आनंदात होता. पण खेळात झालेली शर्यत पुन्हा बघता येते, आणि पडून असलेल्या माणसाला दुसरं काम काय? तो ती पुन्हा पुन्हा बघत होता. आधी हसून, मग नुसता. ऑफिसातून मी आले तेव्हा उन्हं उतरली होती. खिडकीबाहेर कोणाकडे तरी ट्रॅक्टरवरून सोयाबीनची पोती उतरत होती. दादा उशांना टेकून बसला होता. आठ वाजायला खूप अवकाश होता, तरी.

‘बस,’ तो म्हणाला. ‘पटात जोडी जीव तोडून धावते का कोन्ं कासरा मागं खेचून धरला, थे मले दुरून दिसते. हे सारे खेचून होते. मास्तर पावसात कोरडा फिरून राह्यला. मास्तर येडा नाई.’

मी पर्स ठेवली.

‘खरं सांगजो. सोडली का त्यायनं मले?’

‘हो,’ मी म्हटलं. ‘ठरवून सोडली.’

‘अन् तू?’

‘माझं इंजिन खरंच गेलं.’

‘खरंच?’

‘खरंच गेलं, दादा.’

त्याने माझ्याकडे बघितलं आणि मला कळलं, त्याचा विश्वास बसलेला नाही. त्या शर्यतीत खरं झालेली तेवढी एकच गोष्ट होती.

मग त्याने मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला.

‘मंग प्रवीणबी तसाच करून राह्यला असंन,’ तो म्हणाला. ‘सारं हो बाबा, हो बाबा. वांगे हायत का वावरात?’

प्रवीणला मी जे सांगितलं होतं ते मला आठवत होतं. ‘नाहीत,’ मी म्हटलं. ‘वाडी मोडली. वावर बटईने दिलंय.’

‘जोडी?’

‘गेली.’

‘कोन्ं नेली?’

‘ते मला माहीत नाही.’

त्याने मान हलवली. रडला नाही, ओरडला नाही. उलट, कित्येक दिवसांनी कोणी तरी त्याच्याशी बोलल्यासारखा त्याचा चेहरा झाला. त्याला दुखत होतं आणि तो जागा होता. मला त्या क्षणी माझा अभिमान वाटला, हे मी लपवणार नाही. सगळं जग त्याला बाळासारखं झुलवत होतं, आणि मी एकटी त्याला मोठ्या माणसासारखं मारत होते. मला वाटलं, हेच प्रेम. यापेक्षा वेगळं काही मला येत नाही आणि यायला नको.

मग त्याने विचारलं, ‘अन् डॉक्टर?’

मी ठेवलेली पर्स पुन्हा उचलली.

‘छान प्रगती, छान प्रगती म्हनते. थोबी तसाच का? शोभे, तुले आतमंधी बोलावलं होतं त्यानं. माहे पाय येतीन का?’

बाहेर ट्रॅक्टर बंद झाला होता. तो अगदी सरळ विचारत होता, सरळ बघत होता, आणि बसला होता, कोणाच्याही मदतीशिवाय. नवरा घरी नव्हता, म्हणजे तो एकट्याने उठून बसला होता. हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

‘येतील,’ मी म्हटलं. ‘वेळ लागेल, पण येतील. डॉक्टर खोटं कशाला बोलेल? आता किती छान बसतोस तू.’

ते बोलताना मला माझा आवाज ऐकू आला. हळू, ओला, शेवटी जरा वर जाणारा. इतके दिवस लोकांच्या तोंडी ऐकून मी नाक मुरडत होते, तो मला न शिकता आला.

दादा माझ्याकडे बघत राहिला. मिस्त्री पळवल्यावर बघितलं होतं तसं नाही. मग त्याने हात पुढे केला आणि माझ्या हातावर ठेवला. लहानपणी मी पडले तरी त्याने कधी असा हात ठेवला नव्हता.

‘बरं बाई,’ तो म्हणाला. ‘तू म्हनतं तर येतीन.’

तोच आवाज. त्याच्या तोंडात.

आठ वाजता त्याने शर्यत लावली नाही. मला म्हणाला, डोळे दुखतात. करार संपेपर्यंत हिरामण मात्र त्याच्या संघात राहिला. कोणी काही न सांगता दर शर्यतीला फिरत होता आणि शेवटचा येत होता. दादा गटातून गेला तरी गट टिकला. नवीन नियमांमुळे माणसं टिकतात, ढगे सर अभिमानाने सांगतात. आता आमच्याकडे कोणी कोणाला फसवत नाही. शर्यतीनंतर फोनही येत नाहीत.

मागच्या रविवारी मी रोहण्याला जाऊन आले. अंगणात बाजेवर तो बसला होता, अंगावर शाल, शेजारी चाकाची खुर्ची. प्रवीणने येऊन विचारलं, ‘बाबा, मशीन लावू का सोयाबीनले?’ मशीन मागच्या वावरात सकाळपासून चालू होतं, आवाज येत होता. दादा म्हणाला, ‘लाव बेटा.’ मी त्याला म्हटलं, तब्येत छान दिसते. तो म्हणाला, ‘तुह्या घरी मोठा आराम होता गं, शोभे. तू फार केलं माह्यं.’ मी म्हटलं, काहीतरीच. चहा झाला, वहिनींनी पिशवीत सीताफळं भरून दिली, मी धुळीने शिंकत बसमध्ये चढले. मी ‘येतील’ म्हटलं त्या संध्याकाळपासून आजपर्यंत दादाने मला एकदाही शिवी दिलेली नाही.